नव्या पर्यवेक्षकाच्या पाठीशी कोण?

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीकाठच्या रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी सुरू झाली. पुढे या गिरण्यांतील वरिष्ठ बहुधा स्कॉटलंडच्या डंडी शहरातून येत. ते आणि कामगार यांच्यामधील अंतर भरून काढले ते ‘सरदारा’ने. मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. कामगार आणणे, त्यांच्याकडून काम करवून घेणे, अडल्यानडल्यास उसने देणे हे सारे तोच करी. वर दस्तुरीही घेई.

सरदार बहुधा कामगारांतूनच वर आलेला असे. नवे पद सांभाळण्याचे रीतसर शिक्षण नसल्याने जुन्याकडे पाहूनच तो शिके. कामावरची नजर जशी वारशाने आली, तशी दस्तुरीही आली. १९३१ साली शाही श्रम आयोगाने कामगारभरतीचे काम जॉबरकडून काढून श्रम अधिकाऱ्याकडे सोपविण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी आवश्यक ठरविला, आणि १९५३ मध्ये कोलकात्यातच समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन यांचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली.

शाखा कोलकात्याच्या बी. बी. डी. बागेतील असो वा साताऱ्यातील, बँकेत सरदार नसतो. पेच मात्र ओळखीचा आहे. कालचा लिपिक आज अधिकारी होतो. व्हाउचर कसे तपासावे, तिजोरीची किल्ली कशी सांभाळावी, हे नियमपुस्तिका सांगते. काल ज्याच्या डब्यातील भाजी वाटून खाल्ली, त्याचे चुकीचे व्हाउचर परत कसे करावे, हे ती सांगत नाही. मग संकोचापोटी न तपासताच सही होते, नाहीतर अधिकार दाखविण्यासाठी सर्वांदेखत कानउघाडणी!

म्हणूनच मार्गदर्शक हा गोपनीय अहवाल लिहिणारा वरिष्ठ नसावा. ज्याच्या लेखणीवर पुढील पदोन्नती अवलंबून, त्याच्यापुढे ‘मला जमत नाही’ असे कोण म्हणेल? त्याच शाखेतील वा शेजारच्या शाखेतील अनुभवी अधिकारी अधिक उपयोगी. प्रारंभी त्याने तपासावे व नवोदिताने पाहावे. नंतर नवोदिताने तपासावे व त्याने पाहावे. हळूहळू त्याने दूर व्हावे. चूक दाखवायची ती दिवसअखेर रोकड जुळल्यावर, एकांतात. आर्थिक जोखमीची चूक मात्र जागीच थांबवावी लागते.

अशा दिवसांत एकाच धनादेशावर दोन अधिकारी वाकलेले दिसतात आणि ग्राहकाला काउंटरपुढे थोडे अधिक थांबावे लागते. तेवढ्या वेळात त्याचीच सही नमुन्याशी ताडून पाहिली जात असते.