अमर्याद डेटा आणि वेगाचा काटा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. यावेळी विषय जरा आडवाटेचा आहे, पण शेतकी खात्याच्या कामात तो रोज आडवा येऊ लागला आहे. गटात कुठेही जा, एकच तक्रार कानावर येते : "साहेब, पैसे अनलिमिटेडचे भरतोय आणि संध्याकाळ झाली की नेट मुंगीच्या पावलानं चालतंय. कंपनी मुद्दाम दाबतीय बघा." रानात उभे राहून ई-पीक पाहणीचा फोटो जात नाही, मुदत मात्र संपत येते. मग संताप होणारच.

हा संशय अगदीच वाऱ्यावरचा नाही. अमेरिकेत ए. टी. अँड टी. या बड्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली दावा लावला. अनलिमिटेड म्हणून ग्राहक घेतले आणि महिन्याचा वापर ठरावीक हद्दीपुढे गेला की पुरेशी कल्पना न देता वेग खाली आणला, असा आरोप होता. काहींच्या बाबतीत ती हद्द अवघी २ जीबी होती. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग मिळून अडीच कोटींहून अधिक वेळा कमी केल्याचे दाव्यात म्हटले होते. २०१९ साली कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. यापुढे वेगावर बंधन असेल तर ते ठळकपणे सांगावे, ही अटही तिच्यावर आली.

त्याहून वाईट प्रसंग २०१८ चा. कॅलिफोर्नियात मोठा वणवा पेटला होता. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या ज्या गाडीतून बंब आणि माणसे कुठे पाठवायची हे ठरत होते, त्या गाडीचे इंटरनेट व्हेरायझन कंपनीने दाबले. वेग सुमारे दोनशेपटीने कमी झाला. प्लॅन अनलिमिटेडच होता! दलाने विनवणी केली तर महागडा प्लॅन घ्या असे उत्तर मिळाले. ग्राहकसेवेत चूक झाली, हे कंपनीने नंतर कबूल केले.

आता आपल्याकडचे बघू. आपले बहुतेक प्लॅन दिवसाला दीड-दोन जीबीचे असतात. तेवढे संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे प्लॅनच्या तपशिलात लिहिलेले असते, म्हणून त्याला लबाडी म्हणता येणार नाही. पण ते अक्षर इतके बारीक की चष्मा असूनही दिसू नये. पंगतीला पोटभर जेवा म्हणायचे आणि दुसऱ्या वाढपाला चमच्याने आमटी वाढायची, तशातला हा प्रकार. ६४ केबीपीएस म्हणजे किती? त्याला ८ ने भागा : सेकंदाला ८ किलोबाइट. ३ एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांच्या वर लागतात, तेही मध्ये न तुटता. पोरांनी दुपारी त्याच फोनवर क्रिकेटचा सामना पाहिला असेल, तर संध्याकाळी आपल्या वाट्याला हाच वेग येतो.

दुसरे कारण गर्दीचे. टॉवरची ताकद कालव्यासारखी असते, सगळ्यांत वाटली जाते. रात्री आठ-नऊला सगळा गाव एकदम दारे उघडतो, मग टेलच्या माणसाला पाणी पोचत नाही. टेलचे दुखणे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. पण पाणी कालव्यातच कमी आहे की पाटकऱ्याने आपले दार पाडले आहे, हे बघितल्याशिवाय भांडायला गेलो तर आपलेच तोंड पडते.

ते बघता येते. वजनाचा संशय आला की आपण तीच गाडी दुसऱ्या काट्यावर घालतो, तसेच इथे करायचे. ट्रायचे मायस्पीड नावाचे मोफत ॲप आहे. त्याने पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला, एकाच जागी उभे राहून वेग मोजा. जमल्यास शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही मोजा. प्रत्येक वेळी त्या दिवसाचा किती डेटा शिल्लक आहे तेही लिहा. चाचणीलाही डेटा लागतो, तेव्हा दिवसभर खेळत बसू नका. पहाटे वेग चांगला आणि रात्री पडतो, असे रोज दिसले तर ती गर्दी. कोटा संपल्यावर दिवसरात्र एकाच आकड्याला खिळलेला दिसला तर ती प्लॅनची अट. कोटा शिल्लक, पहाटेची वेळ, शेजाऱ्याचे सिम जोरात आणि आपलाच आकडा खिळलेला, असे चार-सहा दिवस आढळले तर मात्र कंपनीला जाब विचारायला जागा आहे. एखादे ॲप निवडून तेवढ्याचाच वेग दाबणे तर २०१८ साली केंद्र सरकारने मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वांतच बसत नाही.

आमच्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक तक्रारी कोट्याच्या किंवा गर्दीच्या निघतात. पण सगळ्याच तशा असतील असे आम्ही म्हणणार नाही.

जाब विचारायचा तर १९८ ला फोन करा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. काट्याची पावती जपता तसाच तो जपा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे अर्ज करून वेळ घालवू नये. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

वेग, वेळ, जागा आणि शिल्लक डेटा लिहिण्याचे कोरे तक्ते गट कार्यालयात ठेवले आहेत. एकाच टॉवरखालच्या दहा-बारा सभासदांनी मिळून भरले तर अधिक बरे. आणि तोवर ई-पीक पाहणीचे फोटो सकाळीच, कोटा शिल्लक असताना पाठवा; मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी सगळी शिवारे त्याच टॉवरवर येतात.