विहीर खोदण्याआधी जुनी नदी शोधा

गेल्या उन्हाळ्यात प्रवरेकाठच्या एका गावात दोन नव्या विहिरी पाहिल्या. दोन्ही एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड. एकीला चाळीस फुटांवर पाणी लागलेलं, दुसरी पन्नास फूट जाऊनही कोरडी ठणठणीत. कोरड्या विहिरीचा मालक म्हणाला, "साहेब, पाणाड्यानं दोन्हीकडं नारळ उभा केला होता. आमचंच नशीब फुटकं." मी म्हटलं, "नशिबाचं मागून बघू, आधी विहिरीची भिंत बघू."

पाण्याच्या विहिरीत बत्तीस फुटांखाली वाळू आणि गोलसर गोट्यांचा थर होता. कोरडीत वरपासून खालपर्यंत पिवळी चिकणमाती आणि चुनखडीचे खडे. फरक एवढाच, पण लाखाचा.

शेतकरी बंधूंनो, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात तळाला काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो खडक. नदीकाठी त्यावर अनेक ठिकाणी नदीनेच आणलेल्या गाळाचे थर आहेत. नदी कधी एका जागी राहत नाही, हजारो वर्षांत ती पात्र बदलते. तिने सोडलेले पात्र आज तुमच्या उसाखाली गाडलेले असू शकते.

थर काय सांगतात?

जोराचे पाणी गोटे ओढून नेते. जोर ओसरला की वाळू टाकते. पाणी साचून राहिले की बारीक चिकणमाती बसते. म्हणून खाली गोटे, त्यावर वाळू आणि वर चिकणमाती असा क्रम दिसला तर समजावे, इथे एकेकाळी नदीचा मुख्य प्रवाह होता, पुढे तो बाजूला सरकला.

चुनखडीचे खडे मात्र बहुधा जागीच तयार होतात. पावसाचे पाणी चुना विरघळवून खाली नेते, कोरड्या दिवसांत पाणी उडते आणि चुना गोळा होतो. असे खडे भरपूर असतील तर ती जमीन दीर्घकाळ पुराच्या वर, कोरड्या हवेत राहिलेली असते. चिकणमाती पाणी धरते, पण विहिरीला सोडत नाही. वाळू-गोटे सोडतात. मात्र गोट्यांमधल्या फटी चुन्याने बुजून थर दगडासारखा घट्ट झाला असेल, तर तिथेही पाणी कमीच.

दिशा कशी ओळखावी?

चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले दिसतात. त्यांचा उतार नदीच्या उगमाकडे असतो आणि उचललेली कड प्रवाहाच्या दिशेने. वाळूच्या थरात तिरप्या रेघा दिसतात, त्या प्रवाहाच्या दिशेने खाली उतरतात. दोन्ही खुणांवरून जुने पात्र कुणाच्या रानातून कुठे गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो. पण एका विहिरीवर विसंबू नये, निदान तीन-चार पाहाव्यात.

या थरांत माणसाच्याही खुणा आहेत. नेवासे येथे डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या प्रवरेकाठच्या गोट्यांच्या थरांतून अश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली आहेत. जुन्या पात्रात माणूस वावरला, हे त्या थरांनीच दाखवून दिले.

सावधगिरी

ज्या थरात पाणी, तोच थर ढासळतो. वाळू-गोटे लागताच काम थांबवून आधी बांधकाम घ्यावे. खोदलेली माती काठावर रचू नये. बिनबांधणीच्या विहिरीत थर पाहायला उतरू नये, वर आलेला माल पाहावा. माणसाच्या जिवापेक्षा पाणी मोठे नाही.

विहीर धरण्यापूर्वी शेजारच्या विहिरींत किती फुटांवर काय लागले, ते लिहून घ्या आणि तो कागद घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्या. ग्रामपंचायतीने गावातील विहिरींच्या थरांची एक वही ठेवली, तर पुढच्या पिढीचाही खर्च वाचेल.

त्या कोरड्या विहिरीच्या मालकाने अजून दुसरी विहीर धरलेली नाही. परवा भेटले तेव्हा खिशातून घडी घातलेला कागद काढला. शेजारच्या तीन विहिरींचे थर, फुटांसह. म्हणाले, "साहेब, गोट्याची पट्टी आमच्या खालच्या वावरातून जातेय असं दिसतंय. यंत्रणेचा माणूस येऊ द्या, मग नारळ फोडू."

नारळ फोडायला हरकत नाही. आधी कागद मात्र हवा.