मज्जेतील शिबंदी

सवाई जयसिंहाच्या जयपुरात जंतरमंतरावर सावलीवरून वेळ ओळखतात. १९४७ साली स्थापन झालेल्या तेथील सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली, घड्याळाच्या तबकडीसारख्या, कडेला सरकलेल्या केंद्रकावरून प्लाझ्मा पेशी ओळखतो. प्रतिपिंडे घडविणारी ही शिबंदी निरोगी अस्थिमज्जेत शेकडा पाचांहून क्वचितच अधिक असते; परंतु क्षय, एचआयव्ही, संधिवात वा यकृताचा जुनाट विकार यांनी शरीरास दीर्घकाळ जेरीस आणले, म्हणजे नव्या भरतीचे फर्मान सुटते, आणि हजेरीपट कितीही फुगला तरी शिपाई नाना कुळांचेच असतात. एकाच कुळाची बेबंद प्रजा शेकडा दहांवर जाऊन हाडे, मूत्रपिंडे वा रक्त यांस इजा पोचली, की तो मल्टिपल मायलोमा हा कर्करोग. तेव्हा नुसत्या आकड्यावरून निवाडा करू नये. प्रतिपिंडांतील कप्पा व लॅम्डा या साखळ्यांच्या तपासणीने कुळाची तहकीकात आधी करवून घ्यावी.