नकाशावरची रेघ कोण ओढतो? नेवाशाच्या विकास आराखड्याबद्दलचे गैरसमज

मे 2017 मध्ये नेवासा नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. ग्रामपंचायतीचे गाव कायद्याने शहर झाले. घरपट्टीच्या पावतीवरचे नाव बदलले, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, हे सर्वांच्या लक्षात आले. मोठा बदल मात्र फारसा कुणी बोलून दाखवला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण असते. म्हणजे आपल्या हद्दीतली कोणती जमीन रहिवासाची, कोणती शेतीची, रस्ता कुठून जाणार, मैदान कुठे राहणार हे ठरवणारा विकास आराखडा तिला करावा लागतो. असा आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो.

या आराखड्याच्या एका रेघेने जमिनीचा भाव बदलतो. मुळा उजव्या कालव्याखालचे उसाचे वावर हिरव्या पट्ट्यात राहिले तर त्याला शेतीचा भाव, आणि पिवळ्या पट्ट्यात आले तर गुंठ्याचा भाव. सार्वजनिक निर्णयातून खासगी पैसा असा थेट निघत असल्याने त्या रेघेवर डोळा ठेवणारे असणारच. त्यांना कुठे रोखता येते हे आपल्याला माहीत नसते, आणि त्या न माहीत असण्यातूनच पुढचे गैरसमज वाढले आहेत.

“आराखडा पुढारी आणि प्लॉटिंगवाले मिळून ठरवतात, आपल्याला विचारतो कोण?”

विचारणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करावा लागतो. मग आज कोणत्या जमिनीचा काय वापर चालू आहे याचे सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप आराखडा होतो, तो राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर होतो, कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवला जातो. हरकती आणि सूचनांसाठी नेवाशासारख्या शहरात 30 दिवस मिळतात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ही मुदत 60 दिवसांची आहे. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटची मंजुरी नगरपंचायतीच्या हातात नसते. ती शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी देतो.

लहान नगरपंचायतीकडे स्वतःचा नगररचनाकार सहसा नसतो, त्यामुळे नकाशाचे तांत्रिक काम शासनाच्या नगररचना विभागाकडून होते. म्हणून नगरसेवकाच्या घरी खेटे घालून उपयोग मर्यादित. कागद कोणत्या टेबलावर आहे हे समजून घेणे जास्त कामाचे.

“हरकत देऊन काही होत नाही.”

हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. मुंबईचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये जाहीर झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू नकाशातून गळालेल्या, अशा चुका नागरिकांनी पत्ते देऊन दाखवल्या. 21 एप्रिल 2015 रोजी मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा फेरतयार करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, मंजुरी 2018 मध्ये मिळाली. त्याच्याही आधी गोव्यात असेच घडले. 2006 मध्ये जाहीर झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ मध्ये मोठ्या हिरव्या जमिनी बांधकामासाठी खुल्या होत आहेत हे लोकांना दिसले, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतरचा 2021 चा आराखडा करताना गावागावांत समित्या नेमून लोकांची मते घेण्यात आली.

मुंबई आणि गोव्याकडे वकील होते, वास्तुरचनाकार होते, वर्तमानपत्रे होती. नेवाशाकडे काय आहे? गावाची माहिती आहे, आणि या कामात ती कुठल्याही पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात प्रवरेचे पाणी कुठवर येते, कोणता ओढा बुजवून त्यावर शेड उभे राहिले, कोणती पाणंद अडवली गेली, हे कार्यालयात बसून नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसते. नदीकाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या दोन रेषांच्या मधल्या जमिनीत अटी पाळूनच बांधता येते. प्रारूप नकाशावर या रेषा आहेत का, असतील तर गावातल्या जुन्या माणसांना आठवणाऱ्या पुराशी त्या जुळतात का, हा हरकतीचा पक्का मुद्दा होऊ शकतो.

दुसरा मुद्दा पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांचा. 1954 पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी नेवाशात उत्खनन केले आणि प्रवरेकाठच्या या गावाचा इतिहास ताम्रपाषाण काळापर्यंत आणि त्याही मागे अश्मयुगापर्यंत पोचला. ज्या गावाच्या पोटात एवढे पुरलेले आहे, तिथे कोणती टेकाडे मोकळी ठेवायची हा प्रश्न आराखड्यातच सुटायला हवा. एकदा तिथे प्लॉट पडले की सुटत नाही.

हरकत देण्यासाठी जमिनीचा मालक असण्याची अट नाही. गट नंबर, नकाशावरची जागा, काय चुकले, काय हवे, एवढे एका कागदावर लिहा. पोच घ्या. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा.

“आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली.”

जमीन लगेच जात नाही. मैदान, शाळा किंवा भाजी मंडईसाठी आरक्षित झालेली जमीन नगरपंचायतीला संपादित करावी लागते. बोलणी करून, चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन, नाहीतर भूसंपादनाच्या कायद्याने. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत हे झाले नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांतही संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो या जमिनीलाही चालतो.

मालकाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. कुणाची जमीन वर्षानुवर्षे अडवून ठेवणे योग्य नाही. पण याच कलमातून शहरांची मैदाने गेली आहेत. तिजोरीत पैसा नसल्याने नगरपंचायत गप्प बसते, आणि काही वेळा मुद्दामही गप्प बसता येते. काही न करण्याचा ठराव कुणी मांडत नाही, त्यामुळे तो कुणाला दिसतही नाही. खासगी प्रभावाचा हा सर्वांत शांत प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. आपल्या शहरात कोणती आरक्षणे आहेत, किती संपादित झाली, कलम 127 च्या किती नोटिसा आल्या आणि त्यांना काय उत्तर दिले, ही यादी दर वर्षी मागितली पाहिजे.

“एकदा मंजूर झाला की आराखडा वीस वर्षे हलत नाही.”

हलतो, आणि एकेका गटाने हलतो. कलम 37 खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. त्यासाठीही राजपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात, पण तेव्हा गावात चर्चा नसते. एका गट नंबरची ती छोटी जाहिरात कुणाच्या नजरेस पडत नाही.

गोव्यात हीच वाट रुंद करून पाहिली गेली. तिथल्या नगररचना कायद्यात 17(2) हे कलम घालून, आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली, एकेका मालकाच्या अर्जावर जमिनीचा झोन बदलण्याची सोय झाली. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. संपूर्ण आराखड्यावर लढणारे लोक सुट्या फेरबदलांच्या वेळी झोपले, तर आधीच्या लढाईतून मिळवलेले हळूहळू निघून जाते.

“नेवाशाचा आराखडा झाला की फाट्याचाही प्रश्न सुटेल.”

नेवासा फाटा वाढतो आहे तो अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर, मुकिंदपूर ग्रामपंचायतीच्या हद्दीत. नगरपंचायतीची रेघ तिच्या हद्दीपाशी संपते. त्यापलीकडे गावठाणाबाहेरच्या रेखांकनाची मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आणि नगररचना कार्यालयाच्या सल्ल्याने होते. सरपंचाचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नाही, हे प्लॉट घेणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. विकणाऱ्याने दाखवलेला रंगीत नकाशा मंजूर नकाशाशी ताडून पाहा. ती मोकळी जागा कुठे आहे ते विचारा.

माझ्या मते गाव आणि फाटा यांचा विचार एकत्र व्हायला हवा. दोन्हीकडे राहणारी, बाजाराला येणारी, शाळेत जाणारी माणसे तीच आहेत.

विकास आराखड्याची गल्लत तीर्थक्षेत्र विकास आराखड्याशीही करू नये; ती वेगळीच गोष्ट आहे. ज्ञानेश्वर मंदिर आणि पैस खांबाच्या परिसरातल्या कामांसाठी निधीची मागणी करणारी ती यादी असते. तिने कुणाच्या जमिनीचा झोन बदलत नाही.

“जमीनमालकाने, व्यापाऱ्याने सूचना केली म्हणजे भ्रष्टाचारच.”

तसे नाही. ज्याची जमीन आहे, दुकान आहे, त्याने आपले म्हणणे मांडणे हा त्याचा हक्क आहे, आणि कधी कधी त्याचेच म्हणणे बरोबर असते. ते म्हणणे लेखी हवे, नोंदवलेले हवे आणि इतरांना वाचायला मिळायला हवे. बंद दाराआड मांडलेली मागणी आणि हरकतींच्या नोंदवहीत अनुक्रमांक पडलेली मागणी यांत हाच फरक आहे.

ती नोंदवही पाहता येते. माहिती अधिकारासाठी 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषण झाले ते नेवाशाच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचे. 2005 च्या केंद्रीय कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत कागद मिळू शकतो, कार्यालयात बसून फाइलही पाहता येते.

प्रारूप आराखडा जाहीर झाला की आपण आपला गट शोधतो आणि घरी येतो. त्या दिवशी थोडे जास्त थांबा. ओढा, मैदान, स्मशानभूमीची वाट आणि नदीकाठही नकाशावर शोधा. नंतर अर्ज करून तीन कागद मागा: विद्यमान जमीन वापर नकाशा, सर्व हरकतींची यादी आणि नियोजन समितीचा अहवाल. मंजूर नकाशा हाती आला की प्रारूपाशेजारी ठेवून कोणकोणते गट बदलले ते मोजा, आणि प्रत्येक बदलाचे कारण लेखी मागा.