पाहुण्यांना गरवायला नेताय? आधी तिथी मोजा



सुट्टी लागली की देवबाग-तारकर्लीत न्याहरी-निवास चालवणाऱ्या आपल्या ताईंकडे पाहुण्यांची हमखास मागणी असते, "आम्हाला गळ टाकून मासे पकडायचेत!" आपण तंगूस, गरी आणि चार सुंगटं देतो, खडप दाखवतो आणि स्वयंपाकाला लागतो. पण पाहुण्याला भरती-ओहोटी कळत नाही. पाणी चढलं की खडपावरून परतायची वाट आधी बुडते.

म्हणून वेळ आपणच ठरवायची. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास, ओहोटी सकाळी आणि रात्री ९ च्या सुमारास. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, तो रापणकरांना विचारून घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खडपावर नेऊच नका. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढतं-उतरतं.

जागा कुठली? कर्ली खाडीचा काठ बरा. काळुंदर, तांबोशी तिथंच मिळते. पण खाडीच्या मुखाशी ओहोटीला ओढ जबरदस्त असते, तिथं नको. सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथंही गळ नको. पावसाळ्यात हा कार्यक्रम बंदच.

गळाला काय लागलं, तेही बघा. शिंगाळा किंवा पाकट असेल तर पाहुण्याला हात लावू देऊ नका, त्यांचा काटा विषारी असतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी आपल्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. आराम पडला तरी डॉक्टरांना दाखवाच. काटा खोल रुतला असेल, छातीत-पोटात लागला असेल किंवा श्वास लागत असेल, तर न थांबता दवाखाना गाठा. केंड मासा लागला तर तो कोणी खायचा नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

आता पैशाचं बोलू. गळ आपण असाच देतो, सोबत पोराला पाठवतो आणि बिलात काहीच लावत नाही. ताई, तिथी, खडप, ओढ, काटा हे सगळं तुम्हाला माहीत आहे म्हणून पाहुणा सुखरूप परततो. त्याचा मोबदला मागायला लाजू नका.

पुढच्या मासिक सभेत तीन गोष्टी ठरवा:

१. सोबतीचा दर. सगळ्या गटांचा एकच असावा, म्हणजे आपसात भाव पडणार नाहीत.
२. सोबत जाणारी व्यक्ती पोहता येणारी आणि मोठी असेल. शाळकरी पोरं नकोत.
३. लाइफ जॅकेट गटाच्या निधीतून घ्यायची.

ठराव इतिवृत्तात लिहा. आणि दारात तिथीची पाटी लावा. पाहुणे ती बघून चौकशी करतील, तिथूनच तुमचं बोलणं सुरू होईल.