फिट सगळ्यांची सारखी नसते

मिरगी म्हटले की हातपाय झाडणे, तोंडाला फेस, एवढेच आपल्याला ठाऊक. पण वर्गात काही सेकंद एकटक शून्यात पाहणारे मूल मास्तरांची बोलणी खाते. ती तंद्रीही फिटच असू शकते. तिला इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागते. शेजाऱ्याच्या हाताच्या झटक्यांना लागू पडलेली कार्बामाझेपिन अशा मुलाला दिली, तर फिट वाढू शकते.

आमच्या नांदेड-लातूरकडे सोयरीक जुळली की मुलीची गोळी गुपचूप बंद करणारे पालक मी नेहमी पाहतो. वास्तविक हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची आडकाठी १९९९ सालीच निघाली! गोळी एकाएकी तोडल्यास न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकते. व्हॅल्प्रोएट मात्र गर्भाला बाधते. ती चालू असेल तर लग्नाची तारीख काढण्याआधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.