मुदत संपली, नोंद उरली

संरक्षण आदेशाची मुदत संपली की माणूस सुटला, असं वाटतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नोंद मात्र मागे राहते, आणि ती पुसावी म्हणून चालवलेल्या अपिलात न्यायालय म्हणतं, आता निर्णय करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

मूळ कायदा पाठलागाने हैराण झालेल्यांसाठी आहे आणि बऱ्यापैकी तत्पर आहे. पोलिसांत तक्रार न देताही दिवाणी अर्ज करता येतो, त्याला फी पडत नाही. मागितली तर एकतर्फी सुनावणी उशिरात उशिरा न्यायालयाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते. तात्पुरता आदेश निघाला, तर कामकाजाच्या दहा दिवसांत दोन्ही बाजूंची सुनावणी लागते. अंतिम आदेश जास्तीत जास्त पाच वर्षांचा. तो मोडला तर थेट फौजदारी गुन्हा. आपल्याकडे अनोळखी माणसाच्या पाठलागावर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, म्हणजे मार्ग फौजदारी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला संरक्षण आदेश घरच्या नात्यांपुरताच, आणि तो पीडितेने रद्द करून मागेपर्यंत चालू राहतो.

ओहायोत वर्षभराचा आदेश असेल, तर अपील बोर्डावर येईपर्यंत तो संपलेलाही असू शकतो. मग काय? नोकरी देणारा जुनी नोंद काढेल, शस्त्रपरवाना अडेल, कर्ज मिळताना त्रास होईल, असे मुद्दे वकील मांडत आणि काही अपिली न्यायालयं तेवढ्यावर अपील ऐकतही. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरगुती हिंसेच्या एका प्रकरणात हे थांबवलं. ‘होऊ शकेल’ चालणार नाही. आदेशामुळे कायद्याने काय अडलं ते दाखवा, नाहीतर अपील निष्फळ. पुढे हाच निकष पाठलागाच्या आदेशांनाही लागला.

गंमत अशी की त्याच न्यायालयाने १९९४ मध्ये गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेल्याचं अपील जिवंत मानलं होतं. दोषसिद्धीने नागरी हक्कांवर गदा येते, हे तिथे गृहीत धरलं. दिवाणी आदेशाला ती सवलत नाही. तर्क पटतो, तरी मला तो निर्दय वाटतो. अपील निष्फळ ठरलं म्हणजे आदेश बरोबर होता असं नव्हे. त्यावर न्यायालय काही बोललेलंच नसतं. पण नोंद वाचणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

म्हणून धावपळ सुरुवातीलाच करावी लागते. सुनावणी मॅजिस्ट्रेटने घेतली असेल, तर आदेशावर १४ दिवसांत आक्षेप नोंदवायचे. ते न नोंदवता थेट अपिलात जाता येत नाही. आक्षेप निकाली निघाले की अपिलाला ३० दिवस. परवाना नाकारल्याचं पत्र हाती असेल, तर ते पहिल्याच दिवशी वकिलाकडे द्यावं. आदेश न्यायालयानेच मागे घेतला असेल, तर नोंद मोहोरबंद करून मागता येते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ती वाट उघडली आहे, अगदी अपवादात्मक परिस्थितीपुरती.